बिल रसेल सही का देत नसे

मार्च १९७२ मधली गोष्ट. बॉस्टन गार्डन हे जुनं स्टेडियम रिकामं होतं, कारण प्रेक्षकांसाठी दारं अजून उघडायची होती. कोर्टवर एक सहा फूट दहा इंच उंचीचा दाढीवाला माणूस, त्याचे जुने प्रशिक्षक आणि काही सहकारी खेळाडू एवढीच मंडळी होती. त्यांनी ६ हा आकडा असलेलं निशाण छताकडे चढवलं आणि समारंभ आटोपला. दारं नंतर उघडली. लोक आत येऊन बसले तेव्हा निशाण वर होतं, पण ते चढताना पाहिल्याचं समाधान त्यांच्यापैकी कुणालाच मिळालं नाही.

तो माणूस होता बिल रसेल. बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाकडून तो तेरा हंगाम खेळला आणि त्यातल्या अकरा हंगामांत संघ एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, विजेता ठरला. १९५९ ते १९६६ अशी सलग आठ वर्षं विजेतेपद बॉस्टनकडेच होतं. एनबीएत एवढी अजिंक्यपदं दुसऱ्या कुठल्याही खेळाडूच्या नावावर नाहीत. अशा माणसाचा आकडा निवृत्त करायचा, म्हणजे त्या संघात तो पुन्हा कुणालाही द्यायचा नाही, हा तिथला सर्वांत मोठा मान. रसेलनं तो घेतला, पण रिकाम्या स्टेडियममध्ये. ही त्याची अट होती. आपण संघासाठी खेळलो, प्रेक्षकांसाठी नाही, हे तो आधीपासून उघड सांगत आला होता.

बॉस्टनला हे लागलं, आणि लागणं स्वाभाविक होतं. तीन वर्षांनी, १९७५ साली, बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याची निवड झाली. खेळाडू म्हणून तिथे निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. तो त्या समारंभाला गेलाच नाही. आणि सही? सही तो कुणालाच देत नसे. मुलगा वही पुढे करी, रसेल मान हलवून नाही म्हणे. शिष्ट, माजलेला, कृतघ्न, अशी विशेषणं त्याला जन्मभर चिकटली. अमेरिकेच्या एफबीआयनं त्याच्यावर फाइल ठेवली होती. गोऱ्या मुलांना सही न देणारा उद्धट निग्रो, अशा अर्थाची नोंद त्या फाइलीत आहे. एका देशाच्या गुप्त पोलिसांनी एका खेळाडूच्या सहीची दखल घ्यावी, यावरून त्या नकाराची धग कळते.

मला या नकाराबद्दल बोलायचं आहे. खेळाडू प्रेक्षकांचं काय देणं लागतो, हा प्रश्न आपल्याकडे रोज, कुठे ना कुठे, चुकीच्या पद्धतीनं सोडवला जातो. माझं म्हणणं सरळ आहे. खेळाडू आपल्याला खेळ देणं लागतो, तो प्रामाणिकपणे खेळणं लागतो. त्यापलीकडे त्याचं हसणं, त्याची नम्रता, त्याचं गप्प राहणं यांपैकी काहीही आपण टाळ्यांच्या बदल्यात मागू शकत नाही. रसेल हे समजून-उमजून जगला आणि त्याची किंमतही त्यानं मोजली.

आधी त्याचा खेळ बघू, कारण तो न बघता माणूस कळणार नाही. कॉलेजात असताना मी नागपुरात बास्केटबॉल खेळलो. आमच्या काळी ज्याच्या खात्यावर जास्त बास्केट तो मोठा, असा साधा हिशेब होता. रसेलचा हिशेब वेगळा होता. त्याची सरासरी सामन्याला पंधराच्या आसपास गुणांची, म्हणजे डोळे दिपवणारी मुळीच नाही. पण रिबाउंड, म्हणजे नेम हुकून परत आलेला चेंडू पकडणं, सामन्याला बावीसहून जास्त, कारकिर्दीत एकूण २१,६२०. त्या काळचे प्रशिक्षक शिकवत की डिफेन्स करणाऱ्याचे पाय जमिनीवरच हवेत, उडी मारली की तो फसला. रसेल उडी मारायचा, आणि समोरच्याचा चेंडू हवेतच अडवायचा. त्यातही खुबी होती. चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला तर लोक जास्त ओरडतात, पण चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याच्याच हातात जातो. रसेल तो हलकेच आपल्या सहकाऱ्याकडे वळवायचा. एका क्षणात बचावाचा हल्ला होई, बॉब कूझी चेंडू घेऊन पुढे सुटलेला असे, आणि गुण तिसऱ्याच कुणाच्या नावावर लागत.

मोठ्या सामन्याआधी त्याला उलट्या व्हायच्या. ताणच इतका असे. पुढे पुढे सहकाऱ्यांना त्याचा उलटीचा आवाज आला की हायसं वाटू लागलं, गडी तयार आहे म्हणून. जो माणूस खेळासाठी आतून असा पिळवटून निघत होता, त्याला लोकांची पर्वा नाही असं म्हणणाऱ्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. कोर्टवर त्याच्याइतका देणारा खेळाडू क्वचितच झाला असेल. मग कोर्टबाहेर हाच माणूस हात आखडता का घेत होता?

त्याचं उत्तर मन्रो, लुइझियाना इथे सापडतं. १९३४ साली तो तिथे जन्मला. दक्षिणेतलं वर्णभेदाचं गाव. त्याच्या आईनं एकदा छान शिवलेला पोशाख घातला होता. तो पोशाख गोऱ्या बायकांसारखा दिसतो म्हणून पोलिसानं तिला भर रस्त्यात दरडावलं आणि घरी जाऊन कपडे बदलायला सांगितलं. आई घरी येऊन रडत बसली, हे त्या पोरानं पाहिलं. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला गेलं. तो बारा वर्षांचा असताना आई वारली. वडील कारखान्यात राबणारे. शाळेत तो बेताचाच खेळाडू होता. जॉर्ज पोल्स नावाच्या एका गोऱ्या प्रशिक्षकानं त्याला संघातून काढलं नाही, एवढ्यावर त्याची गाडी पुढे गेली, आणि त्या माणसाचं ऋण रसेल आयुष्यभर मानत राहिला. पुढे सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला त्यानं १९५५ आणि १९५६ ची राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवून दिली, मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकलं आणि तो बॉस्टनला आला.

आता या चमकत्या कारकिर्दीला लागून चालणारी दुसरी वाट पाहा. १९६१ च्या ऑक्टोबरात सेल्टिक्स संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला गेला. सॅम जोन्स आणि सॅच सँडर्स हे संघातले कृष्णवर्णीय खेळाडू हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये बसले, तर त्यांना वाढायला नकार मिळाला. रसेलनं प्रशिक्षक रेड आउरबाख यांना सांगितलं की आम्ही खेळणार नाही, आणि कृष्णवर्णीय खेळाडू विमानानं परतले. सामना त्यांच्याशिवाय झाला. साधारण त्याच काळात इंडियाना राज्यातल्या मॅरियन शहरात या खेळाडूंचा सत्कार झाला, शहराच्या मानाच्या किल्ल्या त्यांना देण्यात आल्या. रात्री ते जेवायला गेले तर हॉटेलनं त्यांना बसू दिलं नाही. तेव्हा ते टॅक्सी करून महापौरांच्या घरी गेले, त्यांना झोपेतून उठवलं आणि किल्ल्या परत केल्या.

हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. किल्ली शहराची, पण त्या शहरातलं एका खाणावळीचं दारसुद्धा तिनं उघडत नव्हतं. सत्कार म्हणजे काय आणि स्वीकार म्हणजे काय, यांतला फरक रसेलला असा रात्रीच्या वेळी, उपाशीपोटी कळला होता.

त्याहून वाईट घडलं ते घरी. बॉस्टनजवळच्या रेडिंग या गावात तो कुटुंबासह राहत होता. गावानं त्याच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवली. तो इतका गहिवरला की उरलेलं आयुष्य याच गावात काढीन असं बोलून गेला. पुढे त्याच गावातल्या दुसऱ्या वस्तीत घर घ्यायचं ठरवलं, तर तिथल्या काही रहिवाशांनी त्याला येऊ न देण्यासाठी अर्जावर सह्या गोळा केल्या. एकदा कुटुंब बाहेरगावी असताना चोरटे घरात शिरले, त्यांनी भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, चषकांची मोडतोड केली आणि अंथरुणात विष्ठा करून ठेवली. हे सगळं त्याच्या मुलीनं, कॅरन रसेलनं, पुढे १९८७ मध्ये लिहिलं. ज्यांनी घराविरुद्धच्या त्या अर्जावर सही केली, त्यांच्यापैकी कुणाच्या मुलानं दुसऱ्या दिवशी रसेलपुढे सहीची वही धरली नसेल कशावरून? एका सहीनं त्याला शेजारातून हाकलायचं आणि दुसरी त्याच्याकडून मागायची. मी त्याच्या जागी असतो तर माझाही हात पेनाकडे गेला नसता.

१९६४ साली ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात त्याच्यावर आलेल्या लेखाचं शीर्षकच होतं, मी जनतेचं काही देणं लागत नाही. त्या वाक्यानं गहजब झाला. लोकांनी त्यातला फक्त उद्धटपणा उचलला. पण हेच वाक्य बोलणारा माणूस त्या दिवसांत काय करत होता? ऑगस्ट १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं वॉशिंग्टनमधलं ते भाषण ऐकायला तो लाखो लोकांत बसला होता. त्याआधी जूनमध्ये मिसिसिपीतले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. पुढे त्यांच्या भावानं रसेलला जॅक्सन शहरात बोलावलं. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बास्केटबॉल शिकवायचं शिबिर होतं. जिवाला धोका होता, घरचे धास्तावले होते. तो गेला. जनतेचं काही देणं लागत नाही म्हणणाऱ्यानं जनतेसाठी केलं ते असं. त्या मुलांना त्यानं स्वतःचा वेळ दिला, चेंडू कसा धरायचा ते दाखवलं.

१९६७ मध्ये महंमद अलीनं व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, तेव्हा क्लीव्हलंड इथे काही कृष्णवर्णीय खेळाडू त्याला भेटले आणि मग त्याच्या बाजूनं उभे राहिले. रसेल त्यांत होता. मला अलीची काळजी नाही, तो आलेलं सगळं झेलायला समर्थ आहे, काळजी आपल्या बाकीच्यांची आहे, असं त्यानं नंतर लिहिलं. त्या वेळी तो सेल्टिक्सचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. ही दुहेरी जबाबदारी सांभाळत त्यानं १९६८ आणि १९६९ ची अजिंक्यपदं जिंकली. म्हणजे गमावण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं.

मराठीत एक शब्द आहे, मिंधा. ज्याचं खाल्लं त्याच्यापुढे ज्याची मान वर होत नाही तो. समाज खेळाडूवर कौतुकाचा वर्षाव करतो आणि नकळत त्याला मिंधा करू पाहतो. आम्ही तुला मोठं केलं, आता तू हस, हात जोड, आणि आमच्या घरातल्या अडचणीच्या गोष्टी बोलू नकोस. रसेलनं हा सौदा ओळखला आणि तो केला नाही. सौद्यातली सगळ्यात छोटी वस्तू होती सही. त्यानं नकार तिथूनच सुरू केला.

याला उत्तर देणारे म्हणतील की तिकीट काढणाऱ्या लोकांमुळेच तर खेळाडूचं घर चालतं. खरं आहे. पण तिकिटात जे लिहिलेलं असतं ते त्यांना पुरेपूर मिळतं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर एकाच किराणा दुकानातून सामान भरलं, म्हणून दुकानदारानं त्यांच्याशी गोडच बोलावं असा हक्क त्यांनी कधी सांगितला नाही. माप बरोबर हवं, एवढंच ते म्हणत. दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो मला टाळायचा नाही. वही घेऊन उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोराचा काय दोष? त्यानं कुठल्या अर्जावर सही केली होती? त्याचा हिरमोड खराच होता. पण रसेल त्याला नुसता झिडकारत नसे. सहीऐवजी तो हात पुढे करी, हस्तांदोलन करी, वेळ असेल तर बसून बोलायचीही त्याची तयारी असे. सही करताना माणूस समोरच्याकडे पाहतसुद्धा नाही. कागद पाहतो, खरडतो, पुढचा कागद घेतो. हस्तांदोलनाला दोघांना एकमेकांकडे बघावं लागतं. त्याला ते बघणं हवं होतं. कितीतरी लोकांना ते नको होतं, त्यांना कागदच हवा होता, हेही त्याच्या ध्यानात आलं असणार.

पुढे १९९० च्या दशकात त्यानं पैसे घेऊन सह्या दिल्या, आणि टीकाकारांनी त्यावर बोट ठेवलं. मला त्यात तत्त्वभंग दिसत नाही. उघड व्यवहार हा उघड व्यवहार असतो, त्यात कुणी कुणाचा मिंधा नसतो. पण त्याच्या हातून चुका झाल्याच नाहीत असंही नाही. विल्ट चेंबरलेन हा त्याचा मोठा प्रतिस्पर्धी आणि जिवलग मित्र. सणाला एकमेकांच्या घरी जेवणारे हे दोघे. १९६९ च्या अंतिम सामन्यात विल्ट गुडघा दुखावून बाहेर बसला, त्यावर रसेल नंतर जाहीरपणे वाटेल ते बोलला. सुमारे वीस वर्षं दोघांत अबोला होता. शेवटी रसेलनं माफी मागितली. आपण कुणाचं काय देणं लागतो हे त्याला नेमकं कळत होतं असं मी म्हणतो ते यामुळे. मित्राचं देणं त्यानं उशिरा का होईना फेडलं.

आणि हॉल ऑफ फेमची ती अंगठी? ती त्यानं २०१९ मध्ये, पंचेचाळीस वर्षं होत आली तेव्हा, घरगुती समारंभात स्वीकारली. कारण त्या वर्षी चक कूपरची निवड झाली होती. १९५० मध्ये एनबीए संघानं निवडलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कूपर. माझ्याआधी ज्यांचा मान होता त्यांना वगळून मी आत जाणार नाही, हे रसेलचं म्हणणं होतं. पंक्तीत वडीलधाऱ्यांना वाढल्याशिवाय पहिला घास घेऊ नये, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्याच्या या वागण्याला मात्र इतकी वर्षं गर्व म्हटलं गेलं.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. पुण्याच्या मैदानांवर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पाळवणकर बाळू डावखुरी फिरकी टाकत होते. चर्मकार समाजातला हा माणूस गोऱ्यांना बाद करी तेव्हा हिंदू संघाचा असे, आणि चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सगळे सामने मिळून ११४ बळी घेतले, परतल्यावर त्यांचे सत्कार झाले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, आणि तेही भावांनी एकदा या अन्यायावर संघाबाहेर पडून जाहीर निषेध केल्यानंतर. मॅरियनच्या किल्ल्या आणि पुण्याचं मातीचं भांडं एकाच घरातल्या वस्तू आहेत. मैदानावर आमचा, पंगतीत परका.

२०२३ च्या मे महिन्यात साक्षी मलिक, विनेश फोगाट, बजरंग पुनिया आणि इतर कुस्तीगीर आपली पदकं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले. त्यांना परत वळवलं गेलं ते वेगळं. त्या दिवसांत आमच्या घरात, कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात मी एकच वाक्य ऐकत होतो, देशानं इतकं दिलं आणि यांना त्याची किंमत नाही. पदक त्यांनी देशाला दिलं की देशानं त्यांना, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नाही. त्यांची तक्रार काय आहे हे वाचायच्या आधीच त्यांच्या कृतज्ञतेचा हिशेब मागितला गेला. तक्रार खरी की खोटी हे तपासायला न्यायालय असतं. पण ती करायचा अधिकारच पदकापाशी गहाण पडतो, हे मला मान्य नाही.

रसेलला उशिरा का होईना सगळं मिळालं. १९९९ मध्ये बॉस्टननं त्याचा आकडा पुन्हा एकदा, या वेळी भरल्या स्टेडियममध्ये, वर चढवला. तो आला, आणि उभ्यानं होणाऱ्या त्या टाळ्या त्यानं घेतल्या. कार्यक्रम मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी होता. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याला देशाचं सर्वोच्च नागरी पदक दिलं. २०१७ मध्ये वर्णद्वेषाविरुद्ध गुडघ्यावर बसणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना राष्ट्राध्यक्षच शिव्या घालू लागले, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा तेच पदक गळ्यात घालून गुडघ्यावर बसला आणि तो फोटो त्यानं सगळ्यांना दाखवला. मिळालेला मान त्याला गप्प करू शकला नाही. ३१ जुलै २०२२ ला तो गेला. त्यानंतर एनबीएनं ६ हा आकडा सगळ्याच संघांतून निवृत्त केला. असा मान त्याआधी कुठल्याच खेळाडूला मिळाला नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एका नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. राज्याच्या संघातून कबड्डी खेळलेली एक मुलगी मुलाकडून आली होती. तिच्या हातात ताट होतं, मसालेभात अर्धा खाऊन झालेला. लोक मागून येत, तिच्या खांद्यावर हात टाकत, मोबाइल वर धरत. कुणी विचारत नव्हतं, ती कुठल्या जागेवर खेळते, चढाई करते की पकड. पाचव्या की सहाव्या माणसाला ती शांतपणे म्हणाली, “काका, जेवू द्या ना मला आधी.” काका हसत बाजूला झाले आणि दोन पावलांवर जाऊन बायकोला म्हणाले, “आत्तापासूनच भाव खायला लागली.”

तिनं ते ऐकलं. मान खाली घालून भात संपवला, हात धुतले आणि परत आली. माझी नऊ वर्षांची भाची लांब उभी राहून तिच्याकडे टक लावून बघत होती. ती खेळाडू मुलगी भाचीजवळ गेली, उकिडवी बसली आणि म्हणाली, “तू काय खेळतेस?” मग दोघी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. भाचीनं तिचा पंजा आपल्या हातात धरून उलटसुलट करून पाहिला, बोटाची एक जुनी मोडलेली पेरी त्या मुलीनं तिला दाखवली. फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही.